आधी तुमचं वाक्य, मग त्यांचं

प्रश्न असा आला आहे: 'मराठी माध्यमात शिकलो. व्याकरणाच्या चुका फारशा होत नाहीत, पण ऑफिसमधल्या परदेशी सहकाऱ्यांना माझी ईमेल दोनदा वाचावी लागते असं जाणवतं. कुणीतरी पाच हजार इंग्रजी वाक्यांची पीडीएफ पाठवली आहे, रोज पन्नास पाठ करा म्हणतात. खऱ्या वाक्यांवरून सहज इंग्रजी शिकता येतं का, आणि कसं? नमुन्याला माझंच कालचं वाक्य देतो: आय वुड लाइक टू इन्फॉर्म यू दॅट टुमॉरो आय विल नॉट कम टू ऑफिस अॅज आय अॅम हॅविंग सम वर्क अॅट होम.'

तुम्ही स्वतःचं वाक्य दिलंत हे फार चांगलं केलंत, नाहीतर मला हवेतच बोलावं लागलं असतं. मी बावीस वर्षं भाषांतराचं काम करते आहे आणि संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. माझ्याकडे येणारे बहुतेक जण तुमच्यासारखेच असतात. व्याकरण येतं, शब्द येतात, तरी वाक्य परकं वाटतं. म्हणून आधी तुमच्याच वाक्यापाशी बसू या.

'अॅम हॅविंग' आणि 'ऑफिस'आधी राहून गेलेला 'द' सोडला तर त्यात चूक म्हणावी असं काही नाही. वाचणारा अडखळतो तो 'सम वर्क अॅट होम'पाशी. तुमच्या मनात होतं 'घरी काम आहे'. मराठीत 'काम' म्हणजे बँकेत जाण्यापासून मुलीला दवाखान्यात नेण्यापर्यंत काहीही असू शकतं. इंग्रजीतलं 'वर्क' इतकं ऐसपैस नाही. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, हा उद्या घरून काम करणार आहे की याच्या घरी गवंडी-प्लंबर येणार आहेत? कारण 'वी आर हॅविंग सम वर्क डन' म्हणजे घराची दुरुस्ती चालू आहे. तो दुसऱ्यांदा वाचतो ते यासाठी.

इंग्लंडमधल्या तुमच्या सहकाऱ्याने हेच असं लिहिलं असतं: 'आय वोन्ट बी इन टुमॉरो. समथिंग्ज कम अप अॅट होम.' एवढंच. 'बी इन' म्हणजे ऑफिसात असणं. 'साहेब आहेत का?' असं विचारताना आपणही 'ऑफिसात' हा शब्द गाळतोच. आणि 'समथिंग्ज कम अप' (म्हणजे 'समथिंग हॅज कम अप') हे आपलं 'काम निघालं'. काय काम ते सांगितलेलं नाही, पण अचानक आलं आणि टाळता येण्यासारखं नाही, एवढं समोरच्याला कळतं. आता बघा, मित्राला मराठीत कळवताना तुम्ही 'उद्या येत नाही रे, घरी काम निघालंय' असंच म्हणाला असतात. 'आपणास कळवू इच्छितो की' असं लिहिलं नसतंत. म्हणजे सहज वाक्य तुमच्याकडे होतं. इंग्रजीकडे वळताना तुम्ही ते बाजूला ठेवलंत, अर्जातली मराठी उचललीत आणि तिचं भाषांतर केलंत.

'समथिंग्ज कम अप' आता तुमच्या लक्षात राहील, कारण तुमचं वाक्य आधी तयार होतं आणि त्याच्याशेजारी हे येऊन बसलं. पीडीएफमध्ये हे घडत नाही. तिथे बरोबर वाक्य आयतं समोर येतं, ते वाचून मन म्हणतं, 'हो, हे तर मला येतं', आणि पुढे सरकतं. वाचून समजणं आणि वेळेवर तोंडात येणं यांत फार अंतर आहे. माझ्याकडच्या एका विद्यार्थ्याने अशी अठराशे वाक्यं वहीत उतरवली होती, सुंदर अक्षरात. त्यातली पंधरासुद्धा त्याच्या बोलण्यात आली नव्हती. तो कष्टाळू होता, बुद्धी होती. वही भरण्याच्या पद्धतीनेच त्याचा घात केला. म्हणून माझा एकच आग्रह असतो: इंग्रजी वाक्य बघण्याआधी ते तुम्ही कसं म्हणाला असता ते लिहा. मग बघा. दोन्हींत जो फरक दिसेल तोच त्या दिवसाचा धडा.

ही युक्ती काही माझी नाही. बेंजामिन फ्रँकलिन पोरवयात बोस्टनला भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होते. लंडनच्या 'स्पेक्टेटर' नियतकालिकाचा एक खंड त्यांच्या हाती आला. त्यातल्या निबंधांतल्या वाक्यांची ते नुसती टिपणं काढत, काही दिवस बाजूला ठेवत, मग टिपणांवरून निबंध स्वतः लिहून काढत आणि मुळाशी ताडून चुका सुधारत. इंग्रजी तर त्यांची मातृभाषा होती, तरीही. हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. मी वर्गात यात फक्त एक बदल करते. टिपण मराठीत काढायला लावते, म्हणजे मराठी कुठे आडवी येते ते उघड दिसतं.

आता 'सहज' म्हणजे नेमकं काय, ते मराठीतच बघू. पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा, थंडी कडाक्याची, ऊन रणरणतं, काळोख मिट्ट, चहा कडक. कुणी 'कडाक्याचा पाऊस' किंवा 'मुसळधार वारा' म्हणालं तर अर्थ समजेल, पण बोलणारा इथला नाही हेही त्याच क्षणी समजेल. क्रियापदांचंही तेच. गप्पा मारायच्या, हाक मारायची, मिठी मारायची, थापही मारायची. पैज लावायची, शपथ घ्यायची. यामागे नियम शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. हे शब्द एकमेकांच्या सोबतीनेच राहतात. इंग्रजीत पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग', थंडी 'बिटर', काळोख 'पिच डार्क', चहा मात्र वाऱ्यासारखाच 'स्ट्राँग'. 'मिस्टेक' 'मेक' करायची, 'होमवर्क' 'डू' करायचा, 'अटेन्शन' 'पे' करायचं. आणि परीक्षा? आपण ती देतो म्हणून 'आय गेव्ह माय एक्झाम' म्हणतो. इंग्रजीत परीक्षा देतो तो परीक्षक. विद्यार्थी ती 'टेक' करतो, इंग्लंडमध्ये 'सिट' करतो. एकटा शब्द पाठ करणं हे वरातीतल्या एकाच माणसाशी ओळख करून घेतल्यासारखं आहे. तो कुणाबरोबर आला आहे ते कळल्याशिवाय त्या ओळखीचा उपयोग नाही.

जोडीतला शब्द चुकला तर नुसतं विचित्र वाटतं, पण कधी कधी अर्थच फिरतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एका परदेशी कंपनीला लिहिलं होतं, 'आय हॅव सम डाऊट्स अबाऊट युवर इन्व्हॉइस.' मला म्हणायचं होतं, बिलाबद्दल दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आपल्याकडे वर्गात हात वर करून 'मॅडम, डाऊट आहे' म्हणतात, तोच हा 'डाऊट'. इंग्लंडमध्ये 'डाऊट' म्हणजे संशय, अविश्वास. त्यांच्या हिशेब विभागाचा संध्याकाळीच फोन आला. आवाजातली नाराजी स्पष्ट होती, आम्ही त्यांच्या बिलावर संशय घेतला असं त्यांना वाटलं होतं. 'आय हॅव अ कपल ऑफ क्वेश्चन्स अबाऊट द इन्व्हॉइस' एवढं लिहिलं असतं तर काही झालं नसतं. त्या दिवसापासून मी शब्दाचा अर्थ शब्दकोशात बघून थांबत नाही, त्याची आठ-दहा वाक्यं बघते.

ती वाक्यं कुठली घ्यायची, हा तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा. पहिली पायरी म्हणजे शिकणाऱ्यांसाठी केलेले इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. त्यांचा जन्मच आपल्यासारख्यांच्या अडचणीतून झाला. इंग्रज भाषातज्ज्ञ हॅरल्ड पामर 1922 साली टोकियोला गेले आणि जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवता शिकवता त्यांच्या ध्यानात आलं की अडचण शब्दांची नाही, शब्दांच्या जोड्यांची आहे. 1933 मध्ये त्यांनी अशा जोड्यांवर एक अहवालच काढला. त्यांचे सहकारी हॉर्नबी यांनी तिथेच तयार केलेला शब्दकोश 1942 मध्ये टोकियोत छापला गेला आणि पुढे 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो जगभर नेला. आज मोबाइलवर तुम्ही ऑक्सफर्डचा जो लर्नर्स शब्दकोश उघडता तो त्याच घराण्यातला. म्हणजे त्यातली उदाहरणं परभाषकाला डोळ्यासमोर ठेवून निवडलेली असतात, आणि आपण मात्र अर्थ वाचून ती उदाहरणं सोडून देतो. तसं करू नका. अर्थाची ओळ एक वेळ गाळा, पण उदाहरणं वाचा.

दुसरी पायरी खऱ्या वापराची. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखो शब्दांचा छापील आणि बोली मजकूर संगणकात भरला आणि 1987 मध्ये निघालेल्या त्यांच्या शब्दकोशात पदरची उदाहरणं न रचता त्या मजकुरातली घेतली. तेव्हा यावर बराच वाद झाला. खरी वाक्यं अर्धवट संदर्भातून उचललेली असतात, लांबलचक असतात, नवख्याला गोंधळात टाकतात, हा आक्षेप मला आजही पटतो. ज्याला साधा भूतकाळ अजून बसलेला नाही त्याला मी रचलेली, सुटसुटीत वाक्यंच देते. तुमची पायरी मात्र ती नाही. तुम्ही खऱ्या वाक्यांत उतरायला हवं.

आज अशी वाक्यभांडारं घरबसल्या मिळतात. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये 10 कोटी शब्द आहेत, त्यांतला सुमारे दहावा हिस्सा बोलीचा. अमेरिकन इंग्रजीच्या कॉर्पसमध्ये 1990 ते 2019 या काळातले 100 कोटी शब्द. नाव नोंदवलं की थोडेफार शोध फुकट घेता येतात. शब्द टाकला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या शब्दांसह ओळीमागून ओळी येतात, आणि मधला शब्द एकाखाली एक उभा दिसतो. पहिल्यांदा बघताना गडबडायला होतं. वाक्यं पूर्ण वाचायची नाहीत, फक्त मधल्या शब्दाच्या लगतचे शब्द वरून खाली बघत जायचे. भाजी निवडताना नजर फिरते तशी.

'कॉज' हे क्रियापद टाकून बघा. उजवीकडे प्रॉब्लेम, डॅमेज, पेन, डिले, डेथ, कन्फ्यूजन अशी रांग लागते. चांगलं काही क्वचितच. शब्दकोशात अर्थ दिलेला असतो 'घडवून आणणे', म्हणून आपण बेलाशक लिहितो, 'माय टीचर कॉज्ड माय सक्सेस', आणि वाचणारा चमकतो. मराठीत याचा जुळा भाऊ आहे 'पायी'. 'जुगारापायी घर गेलं', 'हट्टापायी नोकरी गेली' असं आपण म्हणतो. 'सरांच्यापायी मला यश मिळालं' कुणी म्हणणार नाही. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, ऐकून ऐकून मुरलेलं आहे. 'सेट इन', म्हणजे येऊन ठाण मांडणं, याबद्दल सिंक्लेअर यांनीच दाखवून दिलं की जे 'सेट इन' होतं ते बहुधा नकोसं असतं: कुजणं, निराशा, घबराट. आपल्या वर्तमानपत्रांत मात्र केरळात मान्सून 'सेट इन' झाल्याची बातमी आनंदाची असते. मला हे फार गोड वाटतं. पावसाची वाट बघणाऱ्या देशात आल्यावर शब्दाचा चेहरा बदलला.

पण वाक्य भांडारात आहे म्हणजे चोख आहे असं समजू नका. जपानमधले प्राध्यापक यासुहितो तानाका यांनी विद्यार्थ्यांकडून जपानी-इंग्रजी वाक्यांच्या जोड्या गोळा करवल्या. 2001 मध्ये तो संग्रह जाहीर झाला तेव्हा त्यात दोन लाखांहून जास्त जोड्या होत्या. काम मोठंच, पण वाक्यं विद्यार्थ्यांनी टंकलेली, त्यामुळे चुका आणि पुनरुक्ती भरपूर. पुढे कित्येक स्वयंसेवकांना त्या वर्षानुवर्षं निस्तराव्या लागल्या. आज तो 'ततोएबा' नावाच्या खुल्या वाक्यसंग्रहात मिसळला आहे. तिथे कोणतं वाक्य कुणी घातलं आणि ती त्याची मातृभाषा आहे का, हे बघता येतं. ते जरूर बघा. तुमच्या पीडीएफवर असं काहीच लिहिलेलं नसेल. ते वाक्य कोण म्हणालं, कुणाला म्हणालं, कधी म्हणालं, याचा पत्ता नाही. ज्या वाक्याला पत्ता नाही ते मी वहीत घेत नाही. आणि पत्ता असला तरी एका साक्षीवर निकाल देत नाही, तीन वेगवेगळ्या ठिकाणी सापडल्यावरच घेते.

साध्या शोधयंत्रावरही काम भागतं. शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाका आणि किती निकाल आले तो आकडा विसरा, त्याच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. वाक्य कुठे सापडलं ते बघा. 'एक्सप्लेन मी द प्रोसेस' टाकलंत तर ते बहुतेक आपल्यासारख्या शिकणाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांत दिसेल. 'एक्सप्लेन द प्रोसेस टू मी' वृत्तपत्रांत, मुलाखतींत दिसेल. 'मला समजावून सांगा' यातलं 'मला' आपण 'टेल मी', 'गिव्ह मी'च्या चालीवर थेट क्रियापदाला चिकटवतो. 'टेल' आणि 'गिव्ह'ला ते चालतं, 'एक्सप्लेन' आणि 'सजेस्ट'ला चालत नाही. 'सजेस्ट मी अ गुड डॉक्टर' हे तर मी रोज वाचते. त्याऐवजी 'कॅन यू रेकमेंड अ गुड डॉक्टर?' म्हणायचं. बघा, इथे 'मला' नाहीसंच झालं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. आपल्या इंग्रजीची लाज बाळगायची नाही. 'प्रीपोन' हा आपला शब्द ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात गेला आहे. 'डू द नीडफुल' हे एके काळचं ब्रिटिश व्यापारी पत्रांतलंच इंग्रजी आहे, त्यांनी टाकलं, आपण जपलं. पुण्याहून चेन्नईला लिहिताना ते खुशाल लिहा. मात्र तुमचा वाचक लीड्समध्ये किंवा टोरोंटोत असेल तर त्याच्या कानाला काय ओळखीचं आहे ते धरा. गावी 'येऊन राहिलो' आणि पुण्यात 'येतोय' म्हणणारे आपल्यात कमी नाहीत; त्यात कुणी खोटं वागत नसतं.

आता वही. डावं पान तुमचं, उजवं त्यांचं. डावीकडे आधी मराठी, तिच्याखाली तुमचं इंग्रजी. उजवीकडे सापडलेलं वाक्य, आणि त्याखाली बारीक अक्षरात त्याचा पत्ता: कोण, कुणाला, कोणत्या वेळी. दिवसाला दोन नोंदी पुरे, पन्नास नकोत. आठवड्यातून एकदा उजवं पान झाकून मराठीवरून म्हणून बघायचं. ज्या नोंदीवर तीनदा अडाल तिच्यासाठी मुद्दाम प्रसंग काढा, खऱ्या ईमेलमध्ये वापरा. कच्चा माल तुमच्याकडे रोज येतो. सहकाऱ्यांच्या ईमेल तुमच्याच विषयावरच्या, तुम्हालाच लिहिलेल्या, पत्त्यासकट आलेल्या. त्याहून चांगला संग्रह मी तुम्हाला देऊ शकत नाही. एखाद्याने नकार कसा दिला, उशिराबद्दल काय म्हटलं, आठवण करून देताना सुरुवात कशी केली, हे टिपा. 'मला जमणार नाही' हे आपलं लाखमोलाचं वाक्य. कुणी तुमचं निमंत्रण नाकारताना ते कसं म्हणतो बघा. 'आय कॅनॉट कम' फार आपटतं. 'आय अॅम अफ्रेड आय कान्ट मेक इट' मध्ये 'जमणार नाही'चा सगळा हळुवारपणा आहे. तिथे 'अफ्रेड'चा भीतीशी काही संबंध नाही, हे वाक्य बघितल्याशिवाय कळत नाही.

सांगलीकडची एक नर्स इंग्लंडला जाण्याआधी माझ्याकडे सहा महिने येत होती. परीक्षेचं इंग्रजी तिने पार केलं होतं. पहिल्या दिवशी मी विचारलं, रुग्णाला पलंगावर बसायला कसं सांगशील? ती म्हणाली, 'प्लीज सिट ऑन द बेड.' बिनचूक. मग तिला ब्रिटिश रुग्णालयांतले खरे संवाद ऐकायला लावले, आणि आठवड्याने तिच्या उजव्या पानावर आलं: 'कॅन यू पॉप अप ऑन द बेड फॉर मी?' हा 'पॉप' तिला कुठल्याच कोशात नीट उलगडेना. मी म्हटलं, तू सांगलीत काय म्हणायचीस? 'आजी, जरा वर बसता का?' तो 'जरा' म्हणजे 'पॉप'. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटत होतं की इंग्रजीत आपण कधी प्रेमाने बोलूच शकणार नाही.

जाण्याआधीच्या तिच्या शेवटच्या नोंदींतली एक मला आठवते. डावीकडे: 'मुंगी चावल्यासारखं वाटेल हं.' त्याखाली तिचं इंग्रजी: 'धिस विल पेन अ लिटल.' उजवीकडे दोनच शब्द: 'शार्प स्क्रॅच.' आणि खाली बारीक अक्षरात पत्ता: 'नर्स, रक्त घेताना, सुई टोचायच्या अगदी आधी, मोठ्या माणसाला. लहान मुलांना काय म्हणतात ते ऐकायचं आहे.'

तुमच्या वहीची पहिली नोंद वर झालीच आहे, 'काम निघालं'. दुसरीसाठी उद्या ऑफिसात कुणी तुमच्याकडे काही राहिलेलं मागेल तेव्हाची ईमेल घ्या. उघडण्याआधी 'तेवढं जरा बघाल का?' हे इंग्रजीत कसं म्हणाल ते डाव्या पानावर लिहून ठेवा.